आधी हवा मोजा, मग गन घ्या

गेल्या चार वर्षांत मी घरी सहा चौरंग, दोन देव्हारे, भाचीच्या बाळासाठी एक पाळणा आणि बरेचसे पाट केले. रंधा आणि पटाशी हाताला बसायला वेळ लागलाच, पण त्याहून जास्त दिवस पॉलिशनं खाल्ले. ब्रशनं लॅकर मारलं की केसांच्या रेघा राहायच्या आणि पाळण्याच्या दांड्यांवर ओघळ यायचे. म्हणून स्प्रे घ्यायचं ठरवलं आणि पहिलीच खरेदी उलटी केली. हवेचा हिशेब न करता पॉलिश फवारायची गन आणली.

गन देखणी होती. वर ६०० मिलीचा कप, १.७ मिमीचं नोझल आणि खोक्यावर ठळक अक्षरांत एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब). गनला दाबलेली हवा पुरवणारा कंप्रेसर आधीपासून घरात होता. मिरज हे दवाखान्यांचं गाव. दातांचे डॉक्टर नवा कंप्रेसर घेतात तेव्हा जुना विकायला निघतो. तसलाच, १ एचपीचा, २५ लिटर टाकीचा, तेल न लागणारा आणि फारसा आवाज न करणारा कंप्रेसर मला ५,५०० रुपयांना मिळाला होता. त्याला ही गन जोडली. चौरंगाच्या फळीवर पहिले दोन पट्टे काचेसारखे पडले. तिसऱ्या पट्ट्याला फवारा जाड झाला, चौथ्याला गन थेंब थुंकायला लागली. फळी वाळल्यावर हात फिरवला तर रव्यासारखी खरखरीत. सगळं ३२० नंबरच्या पेपरनं घासून काढावं लागलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पॉलिशवाले राहतात. त्यांची मुलगी शाळेत माझ्या विज्ञानाच्या तासाला होती, म्हणून ते मला बाई म्हणतात आणि मी त्यांना मामा. गन हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बाई, गन काय बघताय, हवा बघा की. ही गन एवढी हवा पिती, तुमचा कंप्रेसर तिला पुरणार कसा?"

हवा मोजायची कशी

प्रत्येक गनच्या पत्रकावर तिला मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते लिहिलेलं असतं. यालाच सीएफएम म्हणतात. १ घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. कंप्रेसरवरही सीएफएमचा आकडा असतो, पण छोट्या कंप्रेसरवर तो बहुतेक वेळा पिस्टनच्या आकारावरून काढलेला असतो. नळीतून प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याहून बरीच कमी भरते. माझ्या कंप्रेसरवर ४ लिहिलं होतं. खरा आकडा काढायला घड्याळ आणि टाकीवरचा काटा एवढं पुरतं.

टाकी पूर्ण रिकामी करा, बाहेर जाणारा नळ बंद करा आणि कंप्रेसर चालू करा. काटा ४ बारवर आला की सेकंद मोजायला लागा आणि ६ बारवर थांबा (बार हे दाबाचं माप, १ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). टाकी २५ लिटरची असेल तर २ बार वाढायला तिच्यात ५० लिटर मोकळी हवा शिरलेली असते. नववी-दहावीतल्या मुलांनाही हे गणित जमेल. माझ्या यंत्राला ४० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला ७५ लिटर, म्हणजेच अडीचच्या थोडं वर, २.६५ सीएफएम.

आता गनकडे या. माझ्या देखण्या गनला १० सीएफएम लागत होते, म्हणजे मिनिटाला २८३ लिटर. कंप्रेसर देतो ७५. उरलेली २०८ लिटर हवा दर मिनिटाला टाकीतून उपसली जाते. टाकी ७ बारपासून ३ बारपर्यंत उतरते तेव्हा तिच्यातून फक्त १०० लिटर हवा मिळते. हिशेब केला तर अर्ध्या मिनिटात खेळ संपतो. माझे पहिले दोन पट्टे चांगले आणि तिसरा वाईट का आला, ते या आकड्यात स्पष्ट दिसतं.

त्याच यंत्राला ३ सीएफएमची गन लावा. मिनिटाला ८५ लिटर लागले, ७५ आले, तूट फक्त १० लिटरची. चाप सलग दाबून धरला तरी टाकी १० मिनिटं पुरते, आणि काम करताना चाप सलग कुणीच दाबत नाही. वस्तू फिरवायला, पट्टा संपवून वळायला थांबावंच लागतं, तेवढ्यात टाकी भरते.

म्हणून मोठी टाकी घ्या, हा दुकानातला सल्ला अर्धाच खरा आहे. टाकी फक्त हवा साठवते. हवा तयार होते ती पंपात आणि पंप चालतो मोटारीवर. पैसे मर्यादित असतील तर टाकीच्या लिटरवर भुलू नका, मोटार आणि पंप पाहा. जुना कंप्रेसर घेताना विकणाऱ्याच्या घरीच हा ४ ते ६ बारचा हिशेब करून पाहा. तो नाही म्हणाला तर दुसरा शोधा. टाकीखालचा नळ उघडून पाण्याचा रंगही बघा. थोडं तांबूस पाणी चालतं, पण गंजाचे पापुद्रे पडत असतील तर ती टाकी फुकट मिळाली तरी आणू नका. दाबाखालची गंजलेली टाकी फुटली तर माणूस जातो. वर दाब सोडणारा सेफ्टी वाल्व्ह असतो, त्याची कडी ओढून तो सुटतो ना तेही पाहायचं.

गन कोणती

एचव्हीएलपी म्हणजे जास्त हवा, कमी दाब. गनच्या तोंडावरच्या टोपीशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत राहतो (पीएसआय हेही दाबाचंच माप, १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय), त्यामुळे पॉलिश लाकडावर आदळून उडत नाही आणि कमी वाया जातं. पद्धत उत्तमच आहे, फक्त हवा भरपूर मागते. साधारण ९ ते १४ सीएफएम. घरच्या छोट्या कंप्रेसरला त्यापेक्षा एलव्हीएलपी, म्हणजे कमी हवा आणि कमी दाबाची गन सोसते. ती साधारण ३ ते ६ सीएफएमवर चालते. कामाचा वेग थोडा कमी, पण चौरंगाला वेग कशाला हवा? मी शेवटी १.३ मिमी नोझलची, वरच्या कपाची, ३ सीएफएमवर चालणारी गन घेतली, १,८०० रुपयांना. पहिली मामांना दिली, त्यांच्या ३ एचपीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कंप्रेसरवर ती छान चालते.

नोझलबद्दल इतकंच लक्षात ठेवा: लॅकर आणि पातळ पारदर्शक पॉलिशला १.३ किंवा १.४, सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर) किंवा प्रायमरला १.५ ते १.८. दोन्हींसाठी एकच गन घ्यायची तर १.४ घ्या आणि सीलर थोडा जास्त पातळ करा. कप वर असलेली गन घ्या. पॉलिश आपोआप खाली उतरतं, कपात ५० मिली उरलं तरी गन ओढते, आणि आपलं काम तर २०० मिलीच्या आतलंच असतं. खाली कप असलेल्या जुन्या पद्धतीच्या गन स्वस्त आणि दणकट असतात, ग्रिल रंगवायला बऱ्या, पण त्यांत बरंच पॉलिश तळाशी राहतं. पाण्याचं, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात पातळ होणारं पॉलिश वापरायचं असेल तर सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचं आहे ना, ते विचारून घ्या.

कंप्रेसर नको म्हणून हातातली विजेवर चालणारी गन घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. अडीच-तीन हजारांत येते, मोह होतोच. भिंत, कुंपण, कुंड्यांचा लाकडी स्टँड, पाण्याचा प्रायमर याला ती चांगली. पण तिचा फवारा जाड असतो आणि मोटार हातातच, फवाऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या थिनरची वाफ साध्या हवामानातही ठिणगीनं पेट घेते. अशा गनच्या माहितीपुस्तिकेत कुठले द्रव चालतात ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय तिच्यात थिनरचं काहीही भरू नका. कंप्रेसरऐवजी टर्बाइननं हवा पुरवणारे संच उत्तम असतात, पण आपल्याकडे महाग पडतात. हवेशिवाय, नुसत्या दाबानं रंग फेकणारे एअरलेस पंप भिंतींसाठी आहेत, ते सोडून द्या.

आणि वर्षाला दोन-तीनच छोट्या वस्तू होत असतील तर काहीच घेऊ नका. ४०० मिलीच्या पारदर्शक लॅकरच्या डब्यांनी देव्हाऱ्याची नक्षी सुरेख होते. नाहीतर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवा आणि कापडाच्या बोळ्यानं हात मारा. आमच्या मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांच्या दुकानात जाऊन भोपळ्यावरची लाखेची चकाकी बघा. ती हातानं घासून आलेली असते.

गन आणि कंप्रेसरच्या मधलं सामान

दुकानदार इथंच कमी पैशांत काहीतरी चिकटवून देतो, आणि निम्मे घोटाळे इथंच होतात. हवा दाबली की गरम होते, थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. ते पाणी पॉलिशमध्ये गेलं की फोड येतात. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर आणि दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर एकत्र असलेला संच घ्या, साधारण ९०० रुपयांत येतो. मात्र दुकानात एफआरएल म्हणून तीन भांड्यांचा जो संच देतात, त्यातलं तिसरं भांडं हवेत तेल सोडतं. ते हवेवर चालणाऱ्या हत्यारांसाठी असतं. पॉलिशमध्ये तेलाचा कण गेला की तिथं गोल खळगा पडतो आणि वरून कितीही हात मारले तरी तो भरत नाही. दोनच भांड्यांचा, किंवा एकाच भांड्यावर रेग्युलेटर बसवलेला संच मागा. फिल्टर कंप्रेसरला चिकटवून बसवू नका. तिथं हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात तसंच पुढं जातं. ५-६ मीटर नळी, मग फिल्टर, मग गन.

नळी आतून ८ मिमीची घ्या. कंप्रेसरबरोबर येणारी रंगीत गुंडाळीची नळी आतून ५ मिमीची असते, तिच्यात दाब वाटेतच मरतो. दाब बघायचा तोही चाप दाबून, हवा वाहत असताना. चाप सोडलेला असताना ३० पीएसआय दाखवणारा काटा दाबल्यावर २० वर येऊ शकतो.

कंप्रेसर लांब न्यायचा झाला तर विजेची वायर वाढवू नका, हवेची नळी वाढवा. बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं आणि मोटार गुणगुणत बसते, सुरूच होत नाही. २ एचपी म्हणजे जवळपास १,५०० वॅट आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढ. १५-१६ अँपिअरचा प्लग आणि नीट आर्थिंग लागतंच. माझा कंप्रेसर जिन्याच्या वळणावर दाराआड असतो, १० मीटर नळी गच्चीवर जाते. मोटारीची ठिणगी आणि थिनरची वाफ एकत्र येता कामा नये. शिवाय पॉलिशची धूळ कंप्रेसरच्या तोंडात जात नाही.

मास्कवर मी १,७०० रुपये घातले आणि कुणी कितीही काटकसर सांगितली तरी यात करू नका. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. दोन बाजूंना कोळशाची काडतुसं आणि त्यावर धूळ अडवणारा फिल्टर असलेला रबरी मास्क लागतो. काम झालं की तो हवाबंद डब्यात ठेवा, कारण काडतूस उघडं राहिलं तर नुसत्या हवेतूनही वापरलं जातं. मास्क घालून थिनरचा वास आला की काडतूस संपलं, नाहीतर मास्क नीट बसलेला नाही.

कंप्रेसर ५,५००, गन १,८००, फिल्टर-रेग्युलेटर ९००, नळी आणि जोड ६००, मास्क १,७००, पॉलिशचा पातळपणा मोजायचा फोर्ड कप ४००. असे माझे १०,९०० रुपये गेले. नवा कंप्रेसर घेतलात तर अडीच-तीन हजार वाढतील. दारं, कपाटं करायची असतील तर २ एचपी आणि ५० लिटरच्या खाली जाऊ नका.

पॉलिश कुठलं भरायचं

घरी दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) मारू नका, हे मी कळकळीनं सांगते. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे पॉलिश कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात, आयसोसायनेट हे रसायन असतं. त्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढं थोडासा संपर्कही त्रास देतो. त्याला असा वास नसतो की काडतूस संपल्याचं नाकाला कळावं. कारखान्यात त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क घालतात. मेलामाइनचं पॉलिश कडक आणि टिकाऊ, पण वाळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं, डोळे चुरचुरतात. पाळण्याला मी ते लावलं नाही.

घरच्या कामाला एनसी लॅकर किंवा पाण्याचं एका डब्यातलं पीयू. लॅकर लवकर वाळतं, चुकलं तर थिनरनं पुन्हा विरघळतं, शिकायला यासारखं दुसरं नाही. पाण्याच्या पीयूला उग्र वास नाही, आग नाही, फक्त पहिल्या हातानंतर लाकडाचे केस उभे राहतात. त्यावर उपाय म्हणजे आधीच ओल्या फडक्यानं लाकूड पुसून, वाळवून ३२० नंबरच्या पेपरनं हलका हात फिरवायचा. बाळाच्या पाळण्याला मी हेच मारलं आणि तीन आठवडे उन्हावाऱ्यात ठेवून मगच भाचीकडे पाठवलं.

फोर्ड कप म्हणजे खाली बारीक भोक असलेलं १०० मिलीचं भांडं. भरायचं, बोट काढायचं, धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. लॅकर मी १८ ते २० सेकंदांवर आणते. वहीत टिपून ठेवते, कारण हिवाळ्यात तेच लॅकर घट्ट होतं आणि मागच्या वेळचं थिनरचं माप चालत नाही. कपात ओतताना नायलॉनच्या गाळणीतून गाळून घ्या.

हात बसवायला

लॅकर भरण्याआधी एक दिवस नुसत्या पाण्यावर घालवा. पाण्यात कपड्यांची नीळ घाला आणि जुन्या वर्तमानपत्रावर फवारा. निळीचे थेंब सगळं खरं सांगतात. गन स्थिर धरून क्षणभर चाप दाबा: पट्टा मध्ये जाड आणि कडेला विरळ असेल तर दाब वाढवा, मध्ये विरळ आणि दोन टोकांना जाड असेल तर दाब कमी करा. एकाच बाजूला जाड असेल तर टोपी अर्धी फिरवून पुन्हा मारा. जाड बाजूही फिरली तर टोपीच्या भोकात कचरा आहे, नाही फिरली तर नोझलमध्ये.

अंतर वीतभर, थोडं कमीच. गन फळीला काटकोनात धरून अख्खा हात सरकवायचा. मनगट फिरवून झाडू मारल्यासारखा हात गेला की मध्ये जाड आणि कडेला कोरडं राहतं. चाप कडेच्या बाहेर दाबायचा, दुसऱ्या कडेच्या बाहेर सोडायचा. नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. चौरंग उलटा ठेवून आधी पाय आणि खालची बाजू, मग कडा, आणि शेवटी सुलटा करून वरची फळी. फळी खिळ्यांच्या टोकांवर टेकवली की खाली डाग पडत नाहीत. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. मामा म्हणतात, "ओलं दिसलं पाहिजे, वाहिलं नाही पाहिजे."

कोरडी, खरखरीत फळी आली तर गन लांब होती, हवा जास्त होती किंवा ऊन कडक होतं. ओघळ आला तर पुसू नका, पूर्ण वाळू द्या आणि ठोकळ्यावर पेपर लावून घासा. पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतं: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रिटार्डर थिनर थोडं घातलं तर वाळणं लांबतं आणि पांढरेपणा टळतो. मी आर्द्रतामापक लावला आहे, ७५ टक्क्यांच्या वर आकडा असेल त्या दिवशी लॅकर उघडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रंधाकाम करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते साडेदहा, हा आमच्या गच्चीवरचा सोन्यासारखा वेळ.

गच्चीचं एक सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी वारा सुटलेला असताना मी देव्हारा मारला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. लॅकरची धूळ डोळ्यांना दिसत नव्हती, पण कुरडयांना वास आला. त्या खाण्याजोग्या राहिल्या नाहीत. मी तीन दिवस गहू भिजत घातले, चीक काढला आणि पुढच्या रविवारी त्यांच्या शेजारी बसून सगळ्या कुरडया पुन्हा घालून दिल्या. आता तीन बाजूंना लोखंडी पाइपच्या चौकटीवर जुन्या सुती साड्या लावते आणि खालची फरशी पाण्यानं ओली करते, म्हणजे धूळ उठत नाही. कुठल्या गच्चीवर काय वाळतंय ते आधी हाक मारून विचारते. साड्यांवर साठलेली लॅकरची वाळकी धूळ भराभर पेटणारी असते, म्हणून दोन-तीन कामांनंतर साडी बदलते आणि जुनी पाण्यात भिजवून मगच टाकते. जवस तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात कधीच टाकू नका, ते आपोआप तापून पेटतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

काम संपलं की चहा नंतर, गन आधी. लॅकर असेल तर थिनर, पाण्याचं पॉलिश असेल तर पाणी कपात घालून स्वच्छ फवारा येईपर्यंत मारायचं, मग टोपी, नोझल, सुई काढून मऊ ब्रशनं धुवायची. टोपीची भोकं तारेनं किंवा टाचणीनं कोरू नका. भोक जरा वाकडं झालं की पट्टा कायमचा वाकडा पडतो. झाडूची काडी चालते. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवली तर आतले वायसर फुगतात. सुईला तेलाचा अगदी एक थेंब, आणि पुढच्या वेळी पॉलिश भरण्याआधी थोडं थिनर मारून तो धुऊन काढायचा. शेवटी खाली जाऊन मी कंप्रेसर बंद करते, दाब उतरवते आणि टाकीखालचा नळ उघडते. हिवाळ्यात चमचाभर पाणी निघतं, जूनमध्ये वाटीभर.